सार्वजनिक वादांमधील वाटाघाट व मध्यस्थी : सिद्धांताच्या मर्यादांची एक चिकित्सा (सरदार सरोवर वादाच्या संदर्भात)

सारांश

धरणे, खाणी, भूसंपादन यांसारख्या प्रश्नांवर उभे राहणारे सार्वजनिक वाद न्यायालयाबाहेर, परस्परसंवादातून सोडवावेत हा विचार गेल्या अर्धशतकात जगभर रुजला आहे. रॉजर फिशर व विल्यम युरी यांची तत्त्वनिष्ठ वाटाघाटीची मांडणी आणि लॉरेन्स सस्किंड यांची सहमती-निर्मितीची मांडणी हे या विचाराचे दोन प्रमुख आधार होत. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा सरदार सरोवर प्रकल्पाच्या वादाच्या आधारे केली आहे. वाटाघाटीचा सिद्धांत ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्याच गोष्टी सार्वजनिक वादात वादाचा विषय असतात, असे प्रतिपादन येथे केले आहे. मात्र त्यावरून मध्यस्थीचा मार्गच त्याज्य ठरत नाही. तिच्या पूर्वअटी स्पष्ट होतात, हा लेखाचा निष्कर्ष आहे.

कळीचे शब्द : वाटाघाट, मध्यस्थी, सहमती, विस्थापन, पुनर्वसन, संमती.

१. प्रस्तावना

वाद मिटविण्यासाठी समाजाने स्वतःची व्यवस्था उभी करणे ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. मराठेशाहीत वतनाचे, सीमेचे, मानपानाचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाडा होण्यापूर्वी उभय पक्षांकडून निर्णय मान्य करण्याची लेखी कबुली घेतली जाई. तिला राजीनामा म्हणत. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई आणि निर्णयाचा महजर उपस्थितांच्या साक्षीने होई. या पद्धतीत संमतीला असलेले महत्त्व लक्षणीय आहे. पण गोतसभेत कोणी बसावे, कोणाचा शब्द वजनदार मानावा, हे जातीने आणि वतनाने आधीच ठरविलेले असे. ज्यांना वतन नव्हते त्यांच्या संमतीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. राजी असल्याची कबुली या अर्थाचा 'राजीनामा' हा शब्द आज पद सोडण्याच्या अर्थाने वापरला जातो. संमती आणि माघार यांतील अंतर किती थोडे असू शकते, याचेच हे भाषिक उदाहरण म्हणावे लागेल.

आधुनिक काळातील सार्वजनिक वाद या जुन्या तंट्यांहून वेगळे आहेत. त्यांत पक्ष दोनच नसतात. शासन एकाच वेळी पक्षकार, नियंता आणि निवाडा करणारा असते. परिणाम हजारो कुटुंबांवर आणि पुढील पिढ्यांवर होतो. अशा वादात वाटाघाट व मध्यस्थी कितपत उपयुक्त ठरते, हा केवळ व्यवस्थापनशास्त्राचा प्रश्न नसून लोकशाहीतील न्यायाचा प्रश्न आहे.

२. तत्त्वनिष्ठ वाटाघाटीची मांडणी

या विचाराचे मूळ मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत स्त्रीच्या लेखनात सापडते. १९२५ मध्ये तिने संघर्ष हाताळण्याचे तीन मार्ग सांगितले : वर्चस्व, तडजोड आणि एकात्मीकरण. वर्चस्वात एक जिंकतो. तडजोडीत दोघेही काही गमावतात. एकात्मीकरणात दोघांच्याही मूळ गरजा भागतील असा नवा मार्ग शोधला जातो. ग्रंथालयातील खिडकीचे तिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका व्यक्तीला खिडकी उघडी हवी होती, तर दुसरीला बंद. अखेर शेजारच्या खोलीची खिडकी उघडली गेली. एकीला मोकळी हवा हवी होती, दुसरीला अंगावर वारा नको होता. दोघींच्या मागण्या परस्परविरोधी असल्या तरी गरजा तशा नव्हत्या.

हाच धागा फिशर व युरी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गेटिंग टू येस' या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्यांची चार सूत्रे अशी : माणसे आणि समस्या वेगळ्या कराव्यात, भूमिकांऐवजी हितांवर लक्ष केंद्रित करावे, निर्णयापूर्वी उभयपक्षी लाभाचे अनेक पर्याय शोधावेत, आणि निष्पत्ती वस्तुनिष्ठ निकषांवर आधारावी. याला जोडून त्यांनी आणखी एक संकल्पना दिली. वाटाघाट फसली तर प्रत्येक पक्षापुढे उरणारा सर्वोत्तम पर्याय कोणता, यावर त्या पक्षाचे बळ ठरते. १९७८ च्या कॅम्प डेव्हिड करारात इजिप्तला सिनाईवरील सार्वभौमत्व हवे होते आणि इस्रायलला सुरक्षितता. भूभाग इजिप्तला परत देऊन त्याचा मोठा भाग लष्करमुक्त ठेवण्याचा मार्ग निघाला, तो हितांचा विचार केल्यामुळे, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

याच ग्रंथातील दुसरे उदाहरण भारताशी संबंधित आहे. समुद्रविषयक कायद्याच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खोल समुद्रातील खनिजे काढणाऱ्या कंपन्यांकडून प्रत्येक जागेमागे सहा कोटी डॉलर प्रारंभिक शुल्क घ्यावे, असा प्रस्ताव विकसनशील देशांच्या वतीने भारताने मांडला होता. अमेरिकेला कोणतेच प्रारंभिक शुल्क मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तयार केलेल्या आर्थिक प्रतिमानाचा आधार घेतल्यावर दोन्ही बाजूंनी आपापल्या आकड्यांचा फेरविचार केला. वस्तुनिष्ठ निकषाचे हे आदर्श उदाहरण म्हणून दिले जाते.

लॉरेन्स सस्किंड व जेफ्री क्रुइकशँक यांनी १९८७ मधील 'ब्रेकिंग द इम्पास' या ग्रंथात ही पद्धत खास सार्वजनिक वादांसाठी विकसित केली. चांगल्या तोडग्याच्या त्यांनी चार कसोट्या सांगितल्या : न्याय्यता, कार्यक्षमता, शहाणपण आणि स्थैर्य. सर्व संबंधितांचे प्रतिनिधी निश्चित करणे, माहितीची संयुक्त पडताळणी करणे, तटस्थ साहाय्यक नेमणे आणि कराराची अंमलबजावणी बांधून घेणे हे टप्पे त्यांनी आखून दिले. फिशर-युरी यांच्या मांडणीपेक्षा ही मांडणी अधिक सावध आहे. कारण वाटाघाट सुरू होण्यापूर्वीच्या तयारीला ती स्वतंत्र महत्त्व देते.

३. सिद्धांतावरील आक्षेप

या विचारावर दोन दिशांनी टीका झाली. ओवेन फिस या विधिज्ञाने १९८४ मध्ये येल विद्यापीठाच्या विधी-नियतकालिकातील लेखात तडजोडीलाच विरोध केला. न्यायालयाचे काम केवळ भांडण मिटविणे हे नसून सार्वजनिक मूल्यांचा अर्थ लावणे हे आहे. पक्षांमध्ये विषमता असेल तर दुर्बल पक्ष गरजेपोटी कमी स्वीकारतो आणि त्या स्वीकारालाच संमती म्हटले जाते, असा त्याचा युक्तिवाद होता. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी मेक्सिकोतील झापोटेक समाजाच्या अभ्यासातून 'सलोख्याची विचारसरणी' ही संकल्पना मांडली. सलोख्याचा आग्रह हे अनेकदा नियंत्रणाचे साधन असते. हक्काची भाषा बोलणाऱ्याला भांडखोर ठरविले जाते, हे त्यांनी दाखविले.

हे आक्षेप महत्त्वाचे असले तरी तेही अपुरे आहेत. फिस यांच्या युक्तिवादात न्यायालय हे दुर्बलांच्या बाजूने उभे राहील, निदान त्यांचे म्हणणे गुणवत्तेवर तपासले जाईल, असा विश्वास गृहीत आहे. नेडर यांच्या विवेचनात सलोखा कोणाच्या सोयीचा हे उलगडते. पण संघर्षानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सिद्धांत आणि त्यावरील आक्षेप या दोहोंची परीक्षा एखाद्या प्रत्यक्ष वादातच होऊ शकते. त्या दृष्टीने सरदार सरोवराचा वाद विशेष उद्बोधक आहे. कारण लवाद, आंतरराष्ट्रीय पुनर्विलोकन, मध्यस्थी, न्यायनिवाडा आणि सत्याग्रह असे सर्व मार्ग या एकाच वादात वापरले गेले.

४. सरदार सरोवर : वादाचे स्वरूप

नर्मदेच्या पाण्याचा वाद सोडविण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला. लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. नर्मदेतील उपयोगयोग्य पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून त्यातील १८.२५ मध्य प्रदेशाला, ९ गुजरातला, ०.५० राजस्थानला आणि ०.२५ महाराष्ट्राला देण्यात आले. सरदार सरोवराच्या विजेपैकी ५७ टक्के मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला मिळावी असे ठरले. धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, निश्चित झाली.

हा निवाडा राज्याराज्यांमधील होता. बुडणारी गावे गुजरातमध्ये १९, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १९३ होती. महाराष्ट्रातील गावे तत्कालीन धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी भागातील आदिवासी गावे होत. लवादापुढे ही गावे पक्षकार नव्हती. त्यांच्या वतीने त्यांची राज्य सरकारे बोलत होती. त्या सरकारांना मात्र पाणी आणि वीजही हवी होती. प्रतिनिधीचे हित आणि प्रतिनिधित्व केलेल्यांचे हित येथे सुरुवातीपासूनच वेगळे होते. सस्किंड ज्याला वाटाघाटीपूर्वीचा टप्पा म्हणतात, तो येथे झालाच नाही.

असे असूनही लवादाने पुनर्वसनाबाबत त्या काळाच्या मानाने पुढारलेल्या तरतुदी केल्या. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन मिळावी, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा आणि बुडितापूर्वी पुनर्वसन पूर्ण व्हावे, असे निवाड्यात म्हटले होते. परंतु खातेदार कोण? सातपुड्यातील अनेक आदिवासी पिढ्यानपिढ्या जी जमीन कसत होते, ती कागदोपत्री वनखात्याची होती. ते दप्तरात 'अतिक्रमणदार' होते. हक्काचा प्रश्नच वादग्रस्त असताना नुकसानभरपाईची वाटाघाट सुरू झाली.

याच मुद्द्यावर दोन भिन्न मार्ग निघाले. गुजरातमधील १९ गावांत काम करणाऱ्या आर्च-वाहिनी या संस्थेने पुनर्वसनाच्या अटींवर झगडा दिला. निदर्शने, न्यायालयीन दाद आणि जागतिक बँकेशी पत्रव्यवहार यांचा मेळ घालून सरकारला बोलणी करण्यास भाग पाडले. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारने भूमिहीन आणि अतिक्रमणदार कुटुंबांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण स्वीकारले. नर्मदा बचाव आंदोलनाने मात्र १९८८ मध्ये धरणालाच संपूर्ण विरोध जाहीर केला. एवढ्या लोकांसाठी एवढी जमीन उपलब्धच नाही आणि प्रकल्पाचे लाभ फुगवून सांगितले आहेत, ही त्याची भूमिका होती.

फिशर-युरी यांच्या परिभाषेत पहिल्या मार्गाला हिताधिष्ठित आणि दुसऱ्याला भूमिकाधिष्ठित म्हणता येईल. पण ही वर्गवारी फसवी आहे. आंदोलनाचा नकार हा केवळ हट्ट नव्हता. प्रकल्पाची उपयुक्तता आणि निर्णयाची पद्धत या दोन्हींवरील ते आक्षेप होते. उलट, आर्च-वाहिनीला मिळालेले यशही केवळ चर्चाकौशल्याचे फळ नव्हते. बोलणी फिसकटल्यास कर्ज अडेल, ही भीती त्यामागे होती. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले होते. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र पुनर्विलोकन समितीने १९९२ मध्ये प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले आणि मार्च १९९३ मध्ये उर्वरित साहाय्य थांबले. त्यानंतर या दबावाचा एक प्रमुख आधारच संपला. वाटाघाटीतून जे मिळाले, त्यामागे प्रतिकाराचे बळ होते, ही गोष्ट सिद्धांतात पुरेशी नोंदली जात नाही.

५. पाच सदस्यीय गट : अडलेली मध्यस्थी

जून १९९३ मध्ये मेधा पाटकर व त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईत उपोषण केले. मणिबेलीत पाणी चढू लागले होते आणि ६ ऑगस्टला जलसमर्पणाची घोषणा झाली होती. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने पाच सदस्यीय गट नेमला. नियोजन आयोगाचे सदस्य जयंत पाटील हे त्याचे प्रमुख होते. वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि व्ही. सी. कुलंदैस्वामी हे अन्य सदस्य होते. शास्त्रज्ञ, जलप्रशासक आणि लोकजीवनाचा अनुभव असलेले विचारवंत यांचा हा समतोल गट होता. भारतातील सार्वजनिक वादात मध्यस्थीसदृश यंत्रणा उभारण्याचा हा एक लक्षणीय प्रयत्न म्हणावा लागेल.

हा प्रयत्न का अडला? त्याची तीन कारणे दिसतात. पहिले, गटाच्या कार्यकक्षेतच संदिग्धता होती. आंदोलनाने प्रकल्पाच्या पुनर्विलोकनाची मागणी केली होती. शासनाच्या दृष्टीने गटाचे काम चर्चा पुढे नेण्याचे होते. एकाच मेजावर बसणारे दोघे दोन वेगळ्या गोष्टींसाठी बसले होते. दुसरे, गुजरात सरकारने गटाच्या कामावर बहिष्कार टाकला. लवादाचा निवाडा अंतिम असताना त्यावर चर्चा कशाला, ही त्याची भूमिका कायद्याच्या दृष्टीने भक्कम आणि व्यवहाराच्या दृष्टीने सोयीची होती. तिसरे, गटाचा १९९४ मधील अहवाल प्रसिद्ध करण्यास गुजरात उच्च न्यायालयाने मनाई केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानेच तो खुला झाला. मध्यस्थांचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाद न्यायालयात गेला होता.

येथे 'सर्वोत्तम पर्याया'ची संकल्पना नीट तपासली पाहिजे. वाटाघाट फसली तर गुजरात सरकारपुढे कोणता पर्याय होता? बांधकाम चालू ठेवण्याचा. बोलणी जितकी लांबतील तितकी भिंत वर जात होती. काळ एका बाजूने काम करीत होता. मणिबेलीच्या लोकांपुढे कोणता पर्याय होता? चढत्या पाण्यात उभे राहण्याचा. सत्याग्रह हा त्यांच्यासाठी वाटाघाटीचा विरोधी मार्ग नव्हता. वाटाघाटीत आपल्याला काही वजन यावे यासाठी निर्माण केलेला तो एकमेव पर्याय होता. ज्याचा पर्याय स्वतःचा जीव धोक्यात घालणे एवढाच आहे, त्याला माणसे आणि समस्या वेगळ्या करण्याचा उपदेश करणे हे सिद्धांताचे अपुरेपण दाखविते. येथे माणसांचे अस्तित्व हीच समस्या ठरविली गेली होती.

वस्तुनिष्ठ निकषांचीही तीच गत झाली. नदीत उपयोगयोग्य पाणी २८ दशलक्ष एकर-फूट आहे की त्याहून बरेच कमी, हा जलशास्त्राचा प्रश्न होता. पाणी कमी असेल तर उंचीही कमी चालली असती. मध्य प्रदेशाने पुढे ४५५ ऐवजी ४३६ फूट उंचीचा आग्रह धरला. एकोणीस फुटांच्या या फरकात अनेक गावांचे भवितव्य सामावले होते. समुद्रविषयक परिषदेत दोन्ही पक्षांनी एका प्रतिमानाचा आधार घेतला. कारण ते प्रतिमान दोघांपैकी कोणाचेही नव्हते. नर्मदेबाबत आकडा लवादाने राज्यांच्या सहमतीतून स्वीकारलेला होता. तो मोजमापाचा आकडा असण्यापेक्षा कराराचा आकडा होता. म्हणून त्याला हात लावणे म्हणजे संपूर्ण करार मोडणे, असे मानले गेले.

पर्यायांची वानवा होती असेही नाही. पुण्यातील सुहास परांजपे आणि के. जे. जॉय यांनी १९९५ मध्ये प्रकल्पाच्या फेररचनेचा तपशीलवार प्रस्ताव प्रसिद्ध केला. धरणाची उंची व बुडीत कमी करावे, नर्मदेच्या पाण्याला स्थानिक जलस्रोतांची जोड द्यावी आणि सौराष्ट्र-कच्छच्या दुष्काळी भागाला अधिक व्यापक लाभ द्यावा, असे त्याचे सूत्र होते. फॉलेट यांच्या भाषेत हे शेजारच्या खोलीची खिडकी उघडणे होते. गुजरातचे हित पाण्यात होते, ४५५ या आकड्यात नव्हते. आदिवासींचे हित जमीन, जंगल आणि गाव टिकण्यात होते. या दोन्ही हितांची सांगड घालण्याचा मार्ग मांडला गेला होता. परंतु त्याचा विचार करण्यास बांधील असलेले व्यासपीठच नव्हते. सर्जनशील पर्याय सुचणे आणि तो निर्णयाच्या मेजावर येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्धांत पहिल्याविषयी बरेच बोलतो, दुसऱ्याविषयी फार थोडे.

६. न्यायनिवाडा आणि त्यानंतर

आंदोलनाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९५ मध्ये बांधकाम थांबले. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला. लवादाचा निवाडा राज्यांवर बंधनकारक आहे, उंचीचा प्रश्न पुन्हा उघडता येणार नाही आणि धरणाला आव्हान देण्यास विलंब झाला आहे, असे बहुमताने मानले. पुनर्वसनाच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने बांधकामास अनुमती मिळाली. न्यायमूर्ती भरुचा यांनी भिन्नमत नोंदविले. आवश्यक पर्यावरणीय अभ्यासांविना दिलेली मंजुरी ग्राह्य धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

फिस यांच्या अपेक्षेप्रमाणे येथे न्यायालयाने सार्वजनिक मूल्यांचा अर्थ निश्चितच लावला. पण ज्या प्रश्नांवर मध्यस्थीत चर्चा हवी होती, त्यांपैकी कळीचा प्रश्न न्यायालयाच्या दृष्टीने आधीच मिटलेला होता. म्हणजे लवादाच्या वेळी ही गावे पक्षकार नव्हती. मध्यस्थीच्या वेळी गुजरात आले नाही. आणि न्यायालयात गावे आली तेव्हा उशीर झाला होता. तीन व्यासपीठांवर तीन वेगळ्या कारणांनी मूळ प्रश्नाची चर्चा टळली.

निकालाने वाद संपला नाही. धरणाची उंची २००६ मध्ये १२१.९२ मीटरपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेशातील ६८१ कुटुंबांना जमिनीऐवजी प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला. लवादाच्या निवाड्यानंतर जवळपास चार दशकांनी 'जमिनीला जमीन' या तत्त्वाची परिणती रोख रकमेत झाली. स्थैर्य ही सस्किंड यांची चौथी कसोटी लावली, तर हा तोडगा कोणत्या अर्थाने स्थिर होता, असा प्रश्न पडतो.

प्रश्न केवळ विस्थापितांपुरताही मर्यादित राहत नाही. महाराष्ट्रातील विस्थापितांसाठी तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन खुली करण्यात आली. त्या जंगलावर आधीपासून अवलंबून असलेली गावे मात्र या तोडग्याची पक्षकार नव्हती. एका ठिकाणचा वाद मिटविताना त्याचा भार दुसऱ्या ठिकाणी सरकतो. दोन्ही पक्षांचा लाभ म्हणून ज्याचे वर्णन होते, त्याची किंमत तिसरा पक्ष मोजत असतो. मुळशीच्या १९२१ ते १९२४ या काळातील सत्याग्रहातही याची पूर्वखूण दिसते. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाला विरोध केला. पण पुष्कळशा जमिनीची मालकी पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती. त्यामुळे मोबदल्याची बोलणी मालकांशी झाली आणि कसणाऱ्यांच्या हाती विस्थापन आले. मेजावर कोण बसते, यावरच तोडग्याचे स्वरूप ठरते.

७. बदलती चौकट

जागतिक धरण आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये सादर केलेल्या अहवालात या अनुभवाचे काही धडे घेतले. स्वतःच्या इच्छेने जोखीम पत्करणारे आणि इच्छेविरुद्ध जोखीम लादले गेलेले, असा भेद आयोगाने केला. 'संबंधित घटक' या गुळगुळीत शब्दात धरणाचा कंत्राटदार आणि बुडणारा शेतकरी एकाच रांगेत बसतात. हक्क आणि जोखीम यांचा विचार केला की ही रांग मोडते. आयोगाच्या सदस्या असलेल्या मेधा पाटकर यांनी अहवालावर स्वाक्षरी केली आणि स्वतंत्र टिपणही जोडले. सहमतीत सामील होऊनही मतभेद नोंदविता येतो, याचा हा वस्तुपाठ आहे. भारत सरकारने मात्र आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली नाहीत.

देशांतर्गत कायद्यातही बदल झाले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. म्हणजे सरदार सरोवरासारख्या प्रकल्पाला ती आजही लागू झाली नसती. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि तो मानला गेला. मेजावर बसलेल्याला 'नाही' म्हणता येते आणि ते टिकते, एवढ्या एका गोष्टीने चर्चेचे स्वरूप बदलते, हे तेथे दिसून आले.

मध्यस्थी कायदा, २०२३ हा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा आहे. एखाद्या परिसरातील शांतता व सलोख्यास बाधा आणू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद त्यात आहे. परंतु अशा मध्यस्थीतील समझोता न्यायालयीन हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही. शिवाय भूसंपादन व त्याचा मोबदला, तसेच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतील विषय या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वगळलेले आहेत. या वगळण्याचे दोन अर्थ लावता येतात. हक्कांचे प्रश्न खासगी तडजोडीवर सोडू नयेत, हा फिस यांच्या विचाराशी जुळणारा अर्थ एक. जेथे शासन स्वतः पक्षकार आहे तेथे शासन मेजावर बसण्यास बांधील नाही, हा दुसरा. पहिला अर्थ खरा ठरावयाचा असेल, तर वगळलेल्या वादांसाठी तितकीच खुली सार्वजनिक यंत्रणा उभी राहणे आवश्यक होते. तशी यंत्रणा नसताना वगळणे हे संरक्षण ठरत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

तत्त्वनिष्ठ वाटाघाटीचा सिद्धांत भूमिका आणि हित यांतील भेद दाखवितो, ही त्याची मोठी देणगी आहे. सरदार सरोवराच्या वादातही हा भेद केल्यावर अधिक चांगला मार्ग दिसू शकत होता. मात्र पक्ष निश्चित आहेत, प्रत्येकापुढे पेलवेल असा पर्याय आहे आणि वस्तुनिष्ठ निकष बाहेर कोठेतरी तयार आहेत, ही सिद्धांताची तीन गृहीतके सार्वजनिक वादात टिकत नाहीत. पक्ष कोण, हेच तेथे भांडणाचे कारण असते. एकाचा पर्याय बांधकाम चालू ठेवण्याचा असतो तर दुसऱ्याचा पाण्यात उभे राहण्याचा. निकष हाही आधीच्या एखाद्या कराराचा भाग असतो.

म्हणून सार्वजनिक वादातील मध्यस्थीच्या किमान चार पूर्वअटी मानाव्या लागतात. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांना, कागदोपत्री मालकी असो वा नसो, पक्ष म्हणून मान्यता हवी. चर्चा चालू असताना वस्तुस्थिती बदलणारे काम थांबलेले हवे. माहितीची पडताळणी संयुक्तपणे होऊन तिचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले हवेत. आणि नकाराचा हक्क खरा हवा. अन्यथा होकारालाही अर्थ उरत नाही.

या अटी नसताना मागितलेला सलोखा हा सलोखा नसतो. पण त्या अटींसाठी झगडणे हे वाटाघाटीच्या विरोधात नाही, हेही तितकेच खरे. १९८७ चे पुनर्वसन धोरण असो वा नियमगिरीचा ग्रामसभांचा निर्णय, संघर्षाने चर्चेची जागा निर्माण केली आणि चर्चेने संघर्षाला फळ दिले. लवादाच्या निवाड्यातील काही तरतुदींच्या पुनर्विचारासाठी घातलेली ४५ वर्षांची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली आहे. नर्मदेच्या पाण्यावर राज्ये पुन्हा बोलणी करतील, तेव्हा बुडालेल्या गावांची आणि तळोद्यासारख्या वसाहतींची माणसे त्या मेजावर असतील की पुन्हा त्यांच्या वतीने दुसरेच कोणी बोलेल, यावरून या चार दशकांतून काय शिकले गेले हे ठरेल.